पाहिलंस?

पाकीट कापलं आणि अम्माचा वास आला. अम्माचा म्हणजे तिच्या भुकटीचा, पण अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती त्या भुकटीवरच असल्यामुळे दोन्ही वास एकमेकांत असे मिसळून गेलेत की मला ते वेगळे काढता येत नाहीत. जरा करपलेली साखर, व्हॅनिला, आणि त्यांच्या मागून येणारा कोमट पत्र्याचा वास. मी कात्री खाली ठेवली. आमच्या कचेरीत नमुने येतात ते बिननावाचे. पांढरं पाकीट, वर आकडा, आत माल. कंपनी कोणती, डबा कसला, डब्यावर कुठली गोंडस म्हातारी हसतेय, यातलं काही तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. हा नियम माझ्याच हट्टाने झालेला. आधी लोक नाव बघून मत बनवायचे, नाव मोठं असलं की पेन आपोआप 'हलाल'कडे वळायचं. मी भांडले, काही लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि नमुन्यांवरची नावं पुसली गेली. नावं पुसता येतात हो, पण नाक कुठे काढून ठेवणार? शिवाय पाकिटात मापाचा चमचा होता, पिवळा, चपट्या दांड्याचा. तसाच एक मी घरी रोज सकाळ-संध्याकाळ धुते.

दुधात काय मेलं तपासायचं, असं लोकांना वाटतं. कुणाच्या लग्नाबिग्नात शेजारची बाई विचारते, तुम्ही काय करता, आणि मी सांगते, दुधापासून केलेले जिन्नस हलाल आहेत की नाहीत ते बघते, की ती हसते. मांसाचं समजू शकतो आम्ही, पण दूध? मग मी तिची पंगत बिघडवते. तिला सांगते की चीज करायचं तर दूध गोठवावं, म्हणजे दह्यासारखं घट्ट करावं लागतं, आणि ते गोठवायला रेनेट नावाचा रस लागतो. तो वासराच्या पोटातून काढतात, नाहीतर बुरशीपासून करतात. वासराचा असेल तर ते वासरू कसं कापलं, कापताना कुणाचं नाव घेतलं, आणि त्या रसात डुकराच्या पोटातलं काही मिसळलंय का, हे बघावं लागतं. दूध गोठलं की जे हिरवट पाणी उरतं ते व्हे. ते कुणी फेकत नाही. ते आटवतात, वाळवतात, आणि त्याची भुकटी बिस्किटात जाते, चॉकलेटात जाते, औषधाच्या गोळीत जाते, आजाऱ्यांच्या डब्यात जाते. माझं काम त्या पाण्याचा माग काढत उलटं चालत वासरापर्यंत पोचायचं. पोचले तर हलाल किंवा हराम. वाट मध्येच हरवली तर मशबूह, म्हणजे संशयातलं. माझ्या टेबलावर हाच शब्द सगळ्यात जास्त लिहिला जातो, म्हणून कचेरीत मला शंकाबाई म्हणतात, आणि मागून नव्हे, तोंडावर म्हणतात. शेजारची बाई तोवर हातातला केकचा तुकडा बशीत ठेवून देते आणि पुन्हा माझ्याशी बोलत नाही.

नमुन्यासोबत कागद होता. दूध गोठवणारा रस, आधीचा: बुरशीपासून. आताचा: प्राणिज. प्राणी कोणता, तो कुठे आणि कसा कापला, ही जागा कोरी. बदल गेल्या हंगामापासून झालेला, कळवलाय मात्र आत्ता. असे कागद मी आयुष्यभर पाहत आलेय आणि कधी माझा हात थांबला नाही. कोरी जागा म्हणजे मशबूह, पुढचं पाकीट. आज मी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले आणि मला डोळ्यांपुढे दिसत होतं अम्माचं तोंड, उजवीकडे जरा ओघळलेलं, आणि ते उघडण्याआधी त्यातून येणारा एकच शब्द. नवा डबा घरी आणला होता त्या दिवशीही तिने विचारलं होतं. मी डबा हातात फिरवला, आमच्या कचेरीचा हिरवा शिक्का दिसला, आणि म्हटलं, "पाहिलं अम्मा, खा." दुसऱ्याच्या शिक्क्यावर मी कधी विसंबत नाही. साल बघते, सही बघते, पत्ता खरा आहे का ते बघते. पण स्वतःचा शिक्का दिसला आणि डोळे मिटून पुढे गेले. तो जुन्या मालाला दिलेला होता. मालाचं पोट आतून बदललं होतं आणि वरचं कातडं माझं होतं. शिक्का पाहिला म्हणजे माल पाहिला, ही गफलत कुणा साध्या बाईची झाली नसती, तिने निदान डब्यामागची बारीक अक्षरं वाचली असती.

"पाहिलंस?" हा अम्माचा प्रश्न माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे. तिला वाचता येत नव्हतं. मी शाळेत अक्षरं जोडायला लागले त्याच वर्षी तिने मला कामाला लावलं. दुकानात उभं राहायचं, पाकीट माझ्या नाकाशी धरायचं, आणि विचारायचं, पाहिलंस? मी अडखळत वाचायची, मैदा, साखर, खाद्य चरबी. "कसली चरबी?" ते लिहिलेलं नसायचं. "मग राहू दे." पाकीट परत फळीवर. मला रडू यायचं, कारण ते बिस्किट मलईचं होतं आणि शाळेत सगळ्यांच्या डब्यात होतं. पण अम्मा कधी रागावली नाही, कधी दोजखाची भीती घातली नाही. दुसऱ्याच्या ताटात तर तिने चुकूनही डोकावून पाहिलं नाही. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला केकची बशी हातात धरून ती तासभर हसतमुख उभी राहिली, सगळ्यांशी गप्पा मारल्या, आणि निघताना बशी ओट्यावर ठेवून आली, यजमानीणबाईंना ताकास तूर लागू न देता. त्या दिवशी घरी परतताना मी तिच्यावर चिडले होते. म्हटलं, तू मला जगात कुठे मिसळू देत नाहीस. माझा हात मात्र तिने सोडला नाही, मी हिसका दिला तरी.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी ही नोकरी धरली तेव्हा, तिने स्वतःहून सांगितलं. आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. "लग्न माझ्या बापाने ठरवलं," ती म्हणाली, "घर सासूने लावलं. तुझं नाव तुझ्या आत्याने ठेवलं, मला दुसरंच आवडलेलं. अब्बा गेले तेव्हा रडायचं किती हेसुद्धा बायकांनीच ठरवलं. आपल्या तोंडात काय जाईल, एवढं एक मी ठरवते. बाकी सगळं तुमचं." हे बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, धोब्याकडे काय द्यायचं ते सांगावं तसा. मी उशीचा अभ्रा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मला तोवर वाटायचं की हे सगळं अल्लाच्या भीतीने चाललंय, आणि भीतीचं मला मनातून थोडं हसू यायचं, शिकले होते ना. तर ते त्याच्या भीतीपेक्षा त्याच्याशी असलेलं तिचं खाजगी बोलणं होतं. त्यात सासूला, नवऱ्याला, कुणालाच मध्ये जागा नव्हती. मला होती. वाचून दाखवणारी म्हणून.

झटक्यानंतर एकेक जात गेलं. आधी उजवा हात, मग वारांची नावं, मग माणसं. भावाला ती त्याच्या मामाच्या नावाने हाक मारते, भाभीला नर्स समजते. माझ्याकडे कधी नीट ओळखून बघते, कधी नुसतंच बघते. पण चमचा जवळ नेला की ओठ मिटलेले, आणि मग तो शब्द, "पाहिलंस?" जीभ जड, शब्द अर्धा लोळलेला, तरी प्रश्न पुरा. इस्पितळात एकदा कुणीतरी तिला थरथरती लाल जेली भरवायला गेलं होतं. तिने विचारलं, तिथे उत्तर द्यायला कोणी नव्हतं, आणि तिने दात आवळले ते मी पोचेपर्यंत सोडले नाहीत. त्यानंतर अविश्वासाने ती पाणीसुद्धा घेईना. नळी घालायची वेळ आली होती. डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या आई फार हट्टी आहेत. मी म्हटलं, हो. मला तेव्हा तिचा किती अभिमान वाटला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही. मग एकेक भुकटी देऊन पाहिली. एकीने उलट्या, दुसरीने जुलाब, तिसरी घशाखाली उतरेना. ही एक टिकली. अम्माच्या गालांवर थोडं मांस धरलं, आमचा जीव भांड्यात पडला.

आता मी तिला काय सांगणार होते? खरं सांगितलं तर ती तोंड मिटेल आणि या वेळी उघडायला लावणारं माझ्याकडे काही नाही. खोटं सांगितलं तर ती खाईल, मजेत खाईल, माझ्यावर भरवसा ठेवून खाईल, आणि आम्हा दोघींत उरलेला तो एकच शब्द मी नासवलेला असेन. दिवसभर मी दुसरी पाकिटं कापत राहिले, हाताला सवय आहे. एका चीजच्या भुकटीवर हलाल लिहिलं आणि पुन्हा खोडून पुन्हा हलाल लिहिलं. टेबलावरचा दिवा डोळ्यांत खुपत होता. मला लहानपणीच्या दुकानातली ती फळी आठवत होती, तिच्यावर परत ठेवलेलं पाकीट, आणि पाकीट ठेवताना अम्मा त्याला जरासं सरळ करायची, दुसऱ्या गिऱ्हाइकाला नीट दिसावं म्हणून, ते.

शेवटी मौलानांच्या खोलीत गेले. निकालांवर शेवटची सही त्यांची असते. जाडजूड, मिस्कील माणूस. चहात बुडवायचं बिस्किट वर धरून मला विचारतात, "शंकाबाई, चालेल ना? की चहाच प्यायचा?" आजही त्यांनी बिस्किट वर धरलं. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी ते खाली ठेवलं.

"एका बाईची आई आहे," मी सुरुवात केली.

"बरं."

"आजारी आहे. एकच गोष्ट पोटात टिकते. आणि ती गोष्ट संशयातली निघाली."

मौलानांनी कप बाजूला सारला. "बाई लांबची की जवळची?" त्यांनी विचारलं. मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले, तेव्हा ते पुढे म्हणाले, "रेनेटबद्दल आपल्याकडे पहिल्यापासून मतभेद आहेत, तुला ठाऊक आहे. मोठमोठ्या माणसांनी ते पाक, म्हणजे शुद्ध मानलंय. डुकराचं असलं तर गोष्ट वेगळी, ते अजून कळलेलं नाही. पण त्या बाईला सांग, आजाऱ्याला दुसरं काही चालतच नसेल तर त्याच्यावर गुन्हा नाही. जीव वाचवणं आधी. यात कुणाचं दुमत नाही. आईला खुशाल भरव म्हणावं."

"आणि आईने विचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांगायचं. आणि माझं नाव सांगायचं, की मौलाना म्हणालेत."

"ती म्हणेल, मौलानांना काय, ते खाऊनपिऊन सुखी आहेत."

ते हसले, मग त्यांचे डोळे ओले झालेले दिसले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "बेटी," ते म्हणाले, "तुझी आई देवाला जेवढी ओळखते तेवढा मी ओळखतो असं मला वाटत नाही. पण तिला परवानगी आहे. सगळी परवानगी आहे. घेणं न घेणं तिच्यावर." बाहेर येऊन मी ते पाकीट समोरच्या टेबलावर दिलं. नमुना ओळखीचा निघाला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, हाही माझाच नियम. कंपनीला विचारणा गेली. उत्तर यायला वेळ लागेल असं कळलं.

घरी चालत निघाले. बस सोडून दिली, कारण बसने लवकर पोचले असते. रस्त्यात कुणी गाड्या धूत होतं, एका दुकानाचं शटर अर्धं ओढून आत हिशेब चालला होता, कुत्र्याला फिरवणारी एक बाई कुत्र्यालाच काहीतरी समजावत होती. मीही मनात समजावत होते. अम्मा, मी शिक्का पाहिला, माल नाही पाहिला. अम्मा, त्यात काय आहे ते अजून कळलेलं नाही. मौलाना म्हणतात, तुला परवानगी आहे. आता तू ठरव. हे एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. ती तोंड मिटेल, मिटू दे. मी तिच्याजवळ बसेन, पाणी विचारेन, पाणी तरी घेईलच. कदाचित मौलानांचं नाव ऐकून ती हसेल. कदाचित रागावेल माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, की एक काम दिलं होतं तुला. रागवावी असंच मला वाटायला लागलं. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत माझा निर्णय झाला होता, खरंच सांगायचं. निर्णय झाल्यावर माझी छाती इतकी हलकी झाली की मी जिन्यात क्षणभर थांबून श्वास घेतला.

अम्मा खुर्चीत होती, गुडघ्यांवर शाल, खिडकीकडे तोंड. भाभीने वाटीत भुकटी कालवून ठेवली होती, पिवळा चमचा त्यात उभा. मी हात धुतले, तिच्यासमोर स्टूल ओढलं, नॅपकीन तिच्या गळ्याशी खोचला. चमचा भरला. तो तिच्या ओठांपाशी नेला आणि थांबले, सगळं बोलणं जिभेवर तयार ठेवून.

अम्माने तोंड उघडलं.

मी चमचा तसाच धरून राहिले. मला वाटलं, शब्द सापडत नसेल, वेळ द्यावा. ती तोंड उघडं ठेवून वाट बघत होती, डोळे चमच्यावर, भूक लागलेल्या कुणाचेही असतात तसे. "अम्मा," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा चमच्याकडे.

मागून भाभी म्हणाली, "अगं भरव ना. दुपारीसुद्धा काही विचारलं नाही त्यांनी. बरं झालं, वाटी चटकन संपवली."

बरं झालं. भाभी वाईट नाही, दिवसभर तीच करते सगळं. दिवसभर मी ज्या प्रश्नाला भ्यायले, तो आता येणार नव्हता. त्याच्यासाठी खरं आणि खोटं दोन्ही घेऊन आले होते, आणि घेणारी निघून गेली होती, कधी तर आज, मी तिच्या डब्याचा वास ओळखत बसले होते तेव्हा. "अम्मा, विचार ना," मी म्हटलं. "विचार ना ग. पाहिलंस का, म्हण." तिने आणखी मोठा आ केला. तिला वाटलं, मी तोंड उघड म्हणतेय.

मग मी विचारलं नसतानाही सांगून टाकलं. सगळं सांगितलं, शिक्का, वासरू, कोरी जागा, मौलाना, परवानगी. ती शांतपणे ऐकत होती, मध्ये मान हलवत होती, अनोळखी माणसाचं बोलणं आपण ऐकून घेतो तशी. माझे डोळे गळायला लागले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. बोलून झालं. मी पुन्हा चमचा पुढे केला. आणि तिने तिचा चांगला हात, डावा, शालीतून बाहेर काढला, माझ्या मनगटाला लावला, आणि हळूच चमचा माझ्याकडेच वळवला.

क्षणभर वाटलं, आहे. ठरवलं तिने. नाही म्हणतेय.

"तुम्ही घ्या ना," अम्मा म्हणाली, अगदी स्वच्छ, कित्येक दिवसांत बोलली नव्हती इतकं स्वच्छ. "तुम्ही आधी घ्या. लांबून आलात."

पाहुण्याला ती असंच म्हणायची. पाहुण्याने खाल्ल्याशिवाय ती कधी जेवली नाही. मी चमच्याकडे पाहिलं. आयुष्यात संशयातला एक कण मी तोंडात घातलेला नाही, तिच्यामुळे. मला कसली मजबुरी नव्हती, मला परवानगीही नव्हती. मी तिच्या देखत चमचा तोंडात घेतला. भुकटी गोड होती, जिभेवर चिकटणारी, कोमट. इतके महिने भरवत होते आणि तिची चव मला माहीत नव्हती.

अम्मा पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन. मी गिळलं. ते गळ्याखाली उतरलेलं तिने पाहिलं, आणि मगच तिने तोंड उघडलं.